गायत्रीचं उत्तर

नाही गं, नापास कुठं केलंय तुला? पुनर्पाठ म्हणजे नापास नव्हे, दिपाली. तोच पाठ उद्या परत घ्यायचा, एवढंच. आणि रडतेस काय? डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आलीस, पुढच्या वर्षी पोरांचे डोळे पुसायचेत तुला — ये, बस इथं पायरीवर. भोरच्या एसटीला अजून वेळ आहे. पोरं गेली, हेडबाई कुलूप लावून गेल्या, आता मोकळेपणानं बोलू. म्हणजे मीच बोलणार, तू ऐकणार. कॉलेजात निदान तास संपल्याची घंटा तरी होते, इथं तीही नाही, तेव्हा तुझं काही खरं नाही.

पाठ चांगला होता. खरंच चांगला होता. पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापून आणल्यास, तव्याचे डाग सुद्धा रंगवलेस — मी इतकी वर्षं गणिताचे सराव पाठ बघतेय, डाग कुणी रंगवले नव्हते. एका भाकरीचे तीन भाग, एकीचे चार, आणि मोठा कुठला? तिसरी-चौथी एका खोलीत, तरी गडबड नाही. आवाज चढला नाही तुझा. टाचण बिनचूक. मग मॅडमनी, म्हणजे मी, शेरा का नाही लिहिला, हेच ना? सांगते.

त्या धनश्रीला तू विचारलंस. ती म्हणाली चौथा भाग मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे. हे चुकणारच, सगळीच पोरं तिथं चुकतात, मोठी माणसंही चुकतात. तू म्हणालीस, उभी राहा बाळा, जिला येतंय ती आता तुला समजावून सांगेल. गोड म्हणालीस. पुस्तकात आहे ते — मुलांनी मुलांना शिकवावं — मीच शिकवलंय तुम्हांला, नाकारत नाही. आणि मग तू कुणाला विचारलंस? गायत्रीला. तिच्या पाठच्या बहिणीला.

नाही, तुला माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं, आज पहिला दिवस तुझा. पण मी मागं बसले होते, गायत्रीच्या शेजारी, खाली. तुझी नजर फळ्याकडं होती. तिनं तिसरा भाग उचलला, चौथ्यावर ठेवला — नीट, टोकाला टोक लावून. बाहेर किती आला ते बोटानं चाचपलं. हसली सुद्धा. मग वर बघितलं, तर अक्का उभी. सगळा वर्ग अक्काकडं बघतोय. आणि गायत्रीनं ते दोन्ही तुकडे मांडीखाली सारले आणि म्हणाली, चौथा भाग मोठा. खणखणीत म्हणाली. तू म्हणालीस, अरेरे, तूपण? बरं, तूपण उभी राहा. आणि ती उठली, अक्काच्या शेजारी जाऊन उभी राहिली. किती खुशीत गेली, बघितलंस?

येतच नव्हतं तिला, म्हणतेस. अंदाजानं तुकडे हलवत होती. असेल. असेल बाई. तूही तेच म्हणतेस.

तूही म्हणजे — काही नाही. आमच्याकडं फुला म्हणून — माझी पाठची बहीण. वेल्ह्याच्या वर आमची वस्ती, डोंगरात. शाळा देवळात भरायची, चारी इयत्ता एकत्र, एक गुरुजी. आणि त्या वेळची रीत माहितीय का तुला? तुमच्या सारोळ्यातल्या म्हाताऱ्यांना विचार, सगळ्यांना माहीत असेल. चुकलेल्यांनी ओळीनं उभं राहायचं, आणि ज्याचं उत्तर बरोबर त्यानं प्रत्येकाला एकेक थोबाडीत द्यायची. गुरुजी हात लावायचे नाहीत. हळू दिली तर मात्र कशी द्यायची ते दाखवायचे — मारणाऱ्याच्याच गालावर. लोक हसून सांगतात आता. गुरुजी होते म्हणून शिकलो म्हणतात. म्हणोत.

मी चुकणाऱ्यांत. हो, मी. हसू नकोस. गणिताच्या मॅडम, आणि तेराचा पाढा आला की जीभ टाळ्याला. फुला दोन वर्षांनी लहान, आणि तिला सगळं यायचं. मला आलं नाही, तिला आलं, गुरुजी म्हणाले दे. तिनं दिली. हळू दिली, मग गुरुजींनी दाखवलं, मग जोरात दिली. वस्तीवर येईपर्यंत ती रडत होती, मी नाही. मला म्हणाली, अक्का, म्या उद्यापासनं सांगनारच न्हाई.

आणि मग तिचं चुकायला लागलं. रोज. माझ्या शेजारी येऊन उभी राहायची, अशीच खुशीत. दुसरं कुणी येऊन आम्हां दोघींना द्यायचं. गुरुजी म्हणाले, पोरीला दृष्ट लागली. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. वर्षअखेरीला आबा म्हणाले, हिला डोकं न्हाई, हिला शेरडामागं धाडा. धाडली. ती आजही तिथंच आहे, वरच्या वाडीत, शेरडं-मेंढरं, नातवंडं. सुखात आहे, नाही असं नाही. पण काही विचारा — नातवाला कुठल्या शाळेत घालायचं, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं का — म्हणणार, मला काय कळतंय, म्या ढ, अक्काला इचारा.

गेल्या पावसाळ्यात गेले होते. चुलीपुढं दोघीच होतो. म्हटलं फुले, तू मुद्दाम चुकायचीस ना? माझ्यासाठी? भाकरी थापता थापता म्हणाली, काय तरीच, मला येतच न्हवतं गं अक्का.

आता सांग. कुणाचं खरं? शेरडं वळताना मी पाढ्यात अडले की ती हळूच पुढचा आकडा सांगायची, असं मला आठवतंय. आठवतंय, का मी मागून जोडलंय? तिलाच येत नसेल तर मग मी कशाला झुरतेय इतकी वर्षं? आणि येत असेल तर — मी कुठल्याही शाळेत पाठ बघायला जाते ना, दिपाली, तुमच्याकडं नसतंच लक्ष माझं. मी खाली बसते आणि बघत राहते, कुणाच्या ओठांवर बरोबर उत्तर येऊन परत जातंय. आणि सापडतेच गं एखादी. दर शाळेत बसलेली असते. मला भीती वाटते तिची.

नाही. उद्या गायत्रीला विचारायचं नाही, तुला येत होतं का म्हणून. अजिबात विचारायचं नाही, ती नाहीच म्हणणार, आणि एकदा म्हणाली की तिलाच ते खरं वाटायला लागेल. दोघींना तुकडे दे, एका चटईवर बसव. कुणाला उभं करू नकोस. उत्तर त्यांनी तुला सांगायचं नाही, एकमेकींना सांगायचं, तू ऐकायचं. बस, एवढं केलंस की मी शेरा लिहिते.

काय? माझं गणित? ते कधी सुधारलं म्हणजे?

सुधारलं की. काहीतरी सुधारलं असणारच, त्याशिवाय का — हे कशाला विचारतेस तू?

फुला शाळेतनं गेली, त्याच आठवड्यात. गुरुजींनी तेराचा पाढा विचारला आणि म्या घडाघडा म्हटला. शेवटपतूर. आडलेच न्हाई कुठं. मला वाटायचं मी गुरुजींना भिते. गुरुजी तर तिथंच व्हते की, समोर. मी तिला भ्यायची, दिपाली. माझ्या फुलाला. तिला येतंय याला. आणि तिला ते कळलं असनार, तवाच कळलं असनार, म्हणून ती —

ती बघ एसटी आली. हात कर, थांबणार नाही नाहीतर. नाही, तू जा. जा म्हणते ना. मी मागून येते.