पुराची गोष्ट

आई : हळू बोल जरा. पलीकडच्या खोलीत सगळे वादक बसलेत.

ताई : ऐकू देत की. अख्ख्या जगाला आमच्या घरातलं माहीत आहे, त्यांनीच काय घोडं मारलंय?

आई : हे बघ, थोड्या वेळात पडदा उघडेल. माझे केस व्हायचेत, गळा तापवायचाय. तू शाळेच्या कपड्यांत एकटीच इथे कशी आलीस, ते आधी सांग.

ताई : एकटी नाही आले. धाकट्याला घेऊन आलेय. मागच्या जिन्यात बसलाय.

आई : जिन्यात? मग आत आण ना त्याला.

ताई : येत नाही म्हणतो.

आई : का? काय झालंय? लागलंबिगलं नाही ना त्याला?

ताई : त्याला नाही. त्यानं दुसऱ्याला मारलंय. स्टीलची बाटली फेकली त्या मुलाच्या तोंडावर. ओठ फाटला त्याचा. दात हलतोय पुढचा.

आई : आपल्या धाकट्यानं? अगं, झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढतो तो!

ताई : हो, त्यानंच. शाळेनं तुला फोन केले, बाबांना केले. बाबा ड्यूटीवर, ऑपरेशन थिएटरमध्ये, फोन लॉकरमध्ये. आणि तुझा...

आई : माझा कीबोर्डवाल्या काकांकडे असतो कार्यक्रमाच्या दिवशी. दुपारपासून मी कुणाशी बोलत नाही, गळ्याला विश्रांती म्हणून. तुला माहीत आहे हे.

ताई : मला माहीत आहे. शाळेला माहीत नव्हतं. शेवटी मला वर्गातून बोलावलं. मुख्याध्यापिकांच्या समोर मी बसले होते, तुझ्या खुर्चीत. त्या मुलाची आई रडत होती, आणि मी आपली ‘सॉरी काकू, सॉरी काकू’.

आई : अरे देवा. बाळा...

ताई : बाळा नको म्हणूस आता. प्लीज.

आई : बरं, नाही म्हणत. पण मारलं का त्यानं? काहीतरी झालं असेल ना?

ताई : तुला खरंच माहीत नाही त्याला शाळेत काय म्हणतात?

आई : काय म्हणतात?

ताई : पूरग्रस्त.

आई : पूरग्रस्त? म्हणजे?

ताई : आठवतंय ना? अंगाईच्या आधी तू सांगतेस ती गोष्ट. ‘आमचा धाकटा नऊ वर्षांचा होईपर्यंत, मी गाण्याला बाहेर गेले रे गेले की त्याच्या गादीवर पूर यायचा. सकाळी नवरा फोन करून सांगायचा, पाणी ओसरलंय, परत आलीस तरी चालेल.’ मग सगळे हसतात. मग तू थांबतेस, डोळे पुसतेस आणि अंगाई सुरू करतेस.

आई : डोळे पुसते म्हणजे... मी काही नाटक करत नाही.

ताई : मी कुठे म्हटलं नाटक आहे म्हणून? मी म्हटलं, पुसतेस. कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर घेतला आणि टाकून दिला. त्याच्या अख्ख्या वर्गानं बघितलाय. आज मधल्या सुट्टीत त्याच्या बाकावर टॉवेल रचून ठेवले होते. कुठून कुठून जमवून आणलेले. वर पाटी, ‘पूरग्रस्तांना मदत’.

आई : हे आजच झालं?

ताई : टॉवेल आज. बाकीचं महिनाभर चाललंय.

आई : महिनाभर! आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही?

ताई : कधी सांगणार? तू आलीस की झोपलेली असतेस, उठलीस की बॅग भरत असतेस. मधे पोळी खातेस, तेव्हा कानाला फोन.

आई : हे बरं आहे. मी मजा मारायला जाते का? गावोगाव फिरते, बसमध्ये झोपते, ताप असला तरी उभी राहते. आणि ती गोष्ट मी प्रेमानंच सांगते ना? लोक नंतर भेटायला येतात. बायका हात धरून रडतात. म्हणतात, ताई, आमच्या घरातलंच सांगितलंत.

ताई : त्यांच्या घरातलं नाही ना सांगितलंस पण! आमच्या घरातलं सांगितलंस. त्यांचा मुलगा त्यांच्या घरी मजेत झोपलाय.

आई : तू त्याची बाजू घेऊन भांडतेयस, मला आवडतंय ते. पण हा स्वर...

ताई : माझी बाजू घेऊन भांडले का मी कधी? माझं पण सांगितलंस की. मी सहावीत कुणासाठी रोज दोन वेण्या घालून जात होते ते. त्याचे आईबाबा होते त्या कार्यक्रमाला.

आई : तू तर हसली होतीस तेव्हा!

ताई : मग काय करणार होते? पहिल्या रांगेत बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. हसले. घरी येऊन केस कापले.

आई : ते केस... मला वाटलं, उन्हाळा आहे म्हणून.

ताई : हो. तू तसंही सांगितलंस पुढच्या कार्यक्रमात. उन्हाळ्याची गोष्ट म्हणून.

आई : कोण? हो हो, ऐकलं! झालेच मी, पाच मिनिटं द्या फक्त! ... हे बघ, मी चुकले. ठीक आहे? आज नाही सांगत ती गोष्ट. दुसरं काहीतरी सांगेन.

ताई : दुसरं म्हणजे कुणाचं?

आई : बघते ना. सुचेल उभं राहिल्यावर.

ताई : आई, एक विचारू? गेल्या दोन वर्षांतली एक तरी गोष्ट सांग आमची. कुठलीही. स्टेजवर नको. मला सांग, इथे.

आई : ही काय परीक्षा आहे का?

ताई : तसं समज.

आई : अगं, किती तरी आहेत. ते... तुमचं ते सायकलचं...

ताई : मी चौथीत होते.

आई : मग ते, धाकट्यानं मांजर आणलं होतं...

ताई : तो बालवाडीत होता. बघ ना, तू सांगतेस त्या सगळ्या गोष्टींत आम्ही एवढे एवढे आहोत. तेव्हा तू घरी होतीस. आता तुझ्याकडे नव्या नाहीतच. हे बघ, रडू नकोस. तुझा मेकअप झालाय.

आई : मसणात गेला मेकअप. तुला काय वाटतं, मला कळत नाही हे? परक्या गावात, परक्या लोकांसमोर उभी असते मी. तुमच्याबद्दल बोलायला लागले की वाटतं, आहात इथेच कुठेतरी. म्हणून सांगते. हसवायला म्हणून नाही सांगत गं.

ताई : माहीत आहे मला. पण आम्ही तिथे नसतो ना. आम्ही शाळेत असतो.

आई : जा, त्याला घेऊन ये.

ताई : सांगितलं ना, येत नाही म्हणतो.

आई : मग मी जाते जिन्यात. हे असलं घालून. सोड वाट.

ताई : थांब, नको. तोच आलाय. ये रे. ये आत.

धाकटा : पाणी आहे का?

आई : हे घे. कोमट आहे, माझं. ये, बस इथे. हात बघू. काय झालंय हे?

धाकटा : काही नाही. बाटलीचं झाकण लागलं.

आई : मला ताईनं सगळं सांगितलं. मी आज कार्यक्रम करत नाही. जाऊ या घरी. मी सांगते आयोजकांना, घरी अडचण आहे.

धाकटा : नको.

आई : का नको? मला तुझ्यापेक्षा कार्यक्रम मोठा नाही.

धाकटा : बाहेर एवढी माणसं आलीत. मी जिन्याच्या खिडकीतून बघितली. आता रद्द केलंस तर ते पण माझ्यामुळेच होणार. उद्या शाळेत ते पण म्हणतील.

ताई : बरोबर आहे त्याचं.

आई : मग असं करते. स्टेजवर जाऊन सगळ्यांसमोर तुझी माफी मागते. म्हणते, माझ्या लेकाला माझ्यामुळे...

ताई : आई!

धाकटा : नको ना! परत माझंच सांगशील!

आई : हो. खरंच की.

ताई : बघ. तुझ्या लक्षात पण येत नाही.

आई : मग मी बोलू तरी काय? दोन तास उभं राहायचंय मला तिथे.

धाकटा : काही नको बोलूस. नुसतं गा.

आई : नुसतं गायला मला भीती वाटते रे.

धाकटा : तुला?

आई : मला. गप्पा मारल्या की लोक आपलेसे होतात. मग चार सूर इकडेतिकडे झाले तरी सांभाळून घेतात. नुसतं गायचं म्हणजे सगळं गळ्यावर आलं. आणि गळा काही वीस वर्षांपूर्वीचा राहिला नाही.

ताई : हे कधी बोलली नाहीस.

आई : हे काय स्टेजवर सांगायचं असतं?

ताई : स्टेजवर नाही. घरी.

आई : अंगाई गाळते मी आज. ती नसली म्हणजे गोष्टीचा प्रश्नच नाही.

धाकटा : अंगाई म्हण. गाणं चांगलं आहे ते.

आई : तुला राग नाही येत त्याचा?

धाकटा : गाण्याचा कशाला येईल? आधी मला ती गोष्ट पण आवडायची.

ताई : काहीतरीच काय!

धाकटा : खरंच. अगदी सुरुवातीला. मी विंगेत बसायचो ना? गोष्ट सांगताना ती माझ्याकडे बघायची. बाकी सगळा वेळ लोकांकडे बघायची. त्या गोष्टीलाच फक्त माझ्याकडे.

आई : जवळ ये जरा.

धाकटा : आई, तुला पुन्हा बोलवायला आलेत.

आई : येते! एक मिनिट! ... आता माझं ऐक. पहिलं, त्या मुलाचा दात. मस्करी कितीही वाईट असली तरी बाटली फेकायची नव्हती. माफी तू मागायची, ताईनं नाही आणि मीही नाही.

धाकटा : मागतो. पण त्यानं टॉवेल...

आई : टॉवेलचंही बोलायचं. दोन्ही बोलायचं. शाळेत कधी बोलावलंय?

ताई : उद्या सकाळी. पालकांना घेऊन या म्हणाल्यात. पण उद्या सकाळी तुझं विमान आहे, पुढच्या कार्यक्रमाच्या तालमीला. बाबांना सांगीन मी.

आई : वादक जातील पुढे. मी मागून जाईन.

ताई : बघू.

आई : बघू काय? सांगितलं ना.

ताई : बघू म्हटलं ना मी. जा आता. काजळ पसरलंय, ते पूस आधी. तिथे नाही, डाव्या डोळ्याखाली.

(कार्यक्रम संपल्यावर. तीच खोली.)

आई : सगळे गेले का? मला कुणाला भेटायचं नाही आज. ती टाचेची चप्पल काढ रे कुणीतरी माझी. पाय भरून आलेत नुसते.

धाकटा : मी काढतो.

ताई : काका बाहेर म्हणत होते, आज चार गाणी जास्त बसली. बोलली नाहीस म्हणून.

आई : आणि दुसऱ्या गाण्यात मी घसरले ते नाही म्हणाले?

ताई : म्हणाले. हसून म्हणाले.

आई : म्हणणारच. लोकांच्याही लक्षात आलं असेल.

धाकटा : मला नाही आलं.

आई : तू कुठे होतास? विंगेत तर नव्हतास. मी बघितलं.

धाकटा : मागे. शेवटच्या रांगेत, खांबापाशी. तिथून बरं ऐकू येतं.

ताई : अंगाईच्या आधी तू केवढा वेळ गप्प उभी होतीस! म्हटलं, सांगते आता ही.

आई : मलाही तसंच वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. जिभेला सवय आहे ना. ‘आमचा धाकटा’ एवढं जवळजवळ निघालंच होतं बाहेर.

धाकटा : तेव्हाच कुणीतरी ओरडलं. ‘पुराची गोष्ट सांगा!’

आई : ऐकलंस तू?

धाकटा : माझ्या पुढच्याच रांगेतला माणूस होता. टकलू.

आई : मग तू काय केलंस?

धाकटा : काही नाही. खाली बघत बसलो. तू काय केलंस? माईकवर काही ऐकू आलं नाही.

आई : काकांना म्हटलं, सूर द्या. दुसरं काही सुचलंच नाही.

ताई : टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या अंगाईला.

आई : हो, कमी पडल्या.

ताई : तुला वाईट वाटलं?

आई : वाटलं. खोटं कशाला बोलू? जीव थोडा थोडा झाला. पण गायले पूर्ण.

ताई : आणि विमान?

आई : मध्यंतरात सांगून टाकलं दौऱ्याच्या माणसाला. उद्याची तालीम माझ्याशिवाय.

ताई : चिडला असेल.

आई : चांगलाच. म्हणाला, मॅडम, आधी सांगायचं. मी म्हटलं, मलाही आजच कळलं.

ताई : ... बाबांना फोन लाव. मघाशी लॉकरमधला फोन बघून घाबरून गेलेत. शाळेचे, माझे, सगळे मिस्ड कॉल. इकडेच यायला निघालेत.

आई : तू लाव. म्हणावं, सगळे ठीक आहोत, घरीच जा, आम्ही येतोच.

धाकटा : ताई, तू बाहेर जाऊन लाव ना.

ताई : इथून लागतो की.

धाकटा : मला आईला एक सांगायचंय.

ताई : शाळेतलं?

धाकटा : नाही. नवीन गोष्ट आहे एक. तुलाही माहीत नसलेली.

ताई : दिवसभर तुझ्यामागे धावतेय मी, आणि आता मी बाहेर? ... बरं, जाते. जाते म्हटलं ना. पण लवकर उरका. मला भूक लागलीय.

आई : गेली ती. बोल.

धाकटा : दार नीट लाव आधी.

आई : लावलं.