चाकाले लावलेलं दसऱ्याचं तेल

तुमी हससाल, पन त्या दसऱ्यानंतर मी घरची आरा मशीन विकाले निघालो होतो. बहिणीच्या लग्नाचा दिवाण अर्धा झाला होता अन् मशीनचा पट्टा घसरून राहिला होता. हा दातेरी करवतीचा पट्टा दोन रबरी चाकांवर फिरते. बटन दाबलं की चार फेऱ्यांत खाली! कसून पाहिला, ढिला करून पाहिला, वरचं चाक थोडं तिरपं करून पाहिलं. शेवटी कारध्याहून देवाजीकाका सुताराले आनलं.

काकानं बंद मशीनच्या चाकावर बोट फिरवलं अन् नाकाशी नेलं.

"हे तं जवसाचं तेल हाय! रबराले कोनं चोपडलं?"

मी बायकोवर ओरडलो, "तुले पूजा कराले सांगितली होती, मालिश नाही!"

"मी फक्त कुंकू लावलं," ती म्हनाली. "दसऱ्याले सगळ्या औजारांले तेल लागते, मंग मशीननं काय पाप केलं, असं तुमीच म्हनले. बाटली बी तुमच्याच हातात होती."

काका मिशीत हसून राहिले होते. मी गुपचूप सोड्याच्या गरम पान्यानं चाकं पुसली, वाळवली. पट्टा असा सरळ चालला, का माझ्या जिवात जीव आला. लग्नाच्या आठ दिवस आधी दिवाण तयार!

पुढच्या दसऱ्याले बायकोनं पूजेचं ताट माझ्या हातात दिलं, अन् तेलाची बाटली पदराखाली धरून पूजा होईस्तोवर तिथंच उभी राहिली.