उशीवरचा उजेड

(घरातली आतली खोली, सकाळचे अकरा. एक पलंग, ऑर्किडच्या कुंड्यांचा रॅक, एका भिंतीवर लांब फुलाफुलांचा पडदा. रॅकवर जांभळा दिवा लागलेला.)

दिवेवाला : बंद करा ताई, आधी हा दिवा बंद करा. मला मळमळायला लागलंय.

मुलगी : अहो, झाडांसाठीच असतो तो. खोक्यावर लिहिलंय. पंधरा दिवस झाले आणून.

दिवेवाला : खोक्यावर काय, काहीही लिहितात. या उजेडात माणूस बघा कसा दिसतो. काकांचं तोंड बघा, तीन दिवस पाण्यात पडल्यासारखं.

अण्णा : तोंड मूळचंच तसं आहे. तुम्ही पानं बघा. काळी ठिक्कर दिसतात.

मुलगी : अण्णा, पानं हिरवीच आहेत.

अण्णा : तुला माहीत आहे म्हणून. दिसतात का हिरवी? चाळीस वर्षं कापड रंगवलं मी. ट्यूबखाली आम्ही कधी छटा पास केली नाही. तुकडा घ्यायचा, खिडकीत जायचं, मग बोलायचं. एका शहाण्याने आळस केला आणि दिव्याखालीच मरून रंग पास केला. बाहेर नेला तर कलेजी! तीन हजार मीटर. अजून आठवलं की शिसारी येते.

दिवेवाला : कलेजीचं मला सांगू नका. मटणाच्या दुकानांत गुलाबी दिवे कोण लावतं? मीच. कालचं मटण आत्ता कापल्यासारखं दिसतं. पावाच्या दुकानात पिवळा, मासळीवर निळसर. सगळ्यांना एकच हवं असतं, आहे त्यापेक्षा बरं दिसायला पाहिजे. वीट आलाय मला या धंद्याचा. माझी बायको म्हणते, मटण आणा. मी म्हणतो, दिवा विझवून दाखवत असतील तर आणतो.

मुलगी : तुम्ही दिवे विकायला आलात की दिव्यांना नावं ठेवायला?

दिवेवाला : दोन्ही. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

अण्णा : हा माणूस मला आवडला.

मुलगी : अण्णा, तुम्ही गप्प बसा हो जरा. हे बघा दादा, मला फक्त एवढंच पाहिजे, की ही झाडं जगली पाहिजेत. अण्णा चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे राहायला आले, तेव्हा यांच्या घरून तेवीस कुंड्या आणल्या. उरल्या चौदा. परवा एकीला कळ्या आल्या होत्या, त्याही गळून पडल्या. खोलीत नुसता कुजका वास. येत्या रविवारी यांचे एक मित्र येणारेत आणि उरलेल्या घेऊन जाणारेत. तसं यांनी परस्पर ठरवलंय.

अण्णा : परस्पर काय? माझ्या कुंड्या आहेत. डोळ्यांसमोर एकेक मरताना बघायची मला हौस नाही. त्याच्याकडे गॅलरी आहे.

मुलगी : आणि कुंड्या गेल्यावर तुम्ही दिवसभर काय करणार?

अण्णा : भिंत बघेन.

मुलगी : असं टोचून बोलायचं. रोज हेच चालतं आमचं.

दिवेवाला : थांबा. भांडण नंतर करा. ही पट्टी बघा, पांढरी. दुपारच्या सावलीत दिसतं ना, तसा उजेड देते. शोभेची नाही, साधीच आहे. लावतो. डोळे मिटा, एकदम लागेल. हं.

अण्णा : अरे वा. झालं की हिरवं.

मुलगी : ईईई! अण्णा, हे काय आहे? पानाखाली! पांढरं, चिकट, हलतंय ते!

अण्णा : कीड. कापसासारखी दिसते ना, तीच. दाखव. या कुंडीतही आहे. या पण. अगं, बुडख्यात तर नुसता लगदा झालाय.

मुलगी : मी रोज पुसते पानं! रोज, ओल्या फडक्याने, एकेक! शी, म्हणजे इतके दिवस मी हेच एका पानावरून दुसऱ्या पानावर...

अण्णा : पसरवत होतीस. तुझा काय दोष? त्या जांभळ्या अंधारात माझं नाकही मला दिसत नव्हतं.

मुलगी : माझ्या हाताला लागलंय. शी शी शी. तो जांभळा दिवा पहिला खोक्यात घाला, मला डोळ्यांसमोर नको.

दिवेवाला : म्हणजे पांढरा ठरला. आता किती लावायचे ते मोजू. हा मीटर. उजेड मोजतो, लक्समध्ये. आधी दिवा बंद करून रॅकवर बघतो. छत्तीस.

मुलगी : छत्तीस म्हणजे चांगलं का?

दिवेवाला : काका, यांना सांगा.

अण्णा : माझ्या या झाडांना निदान दहा हजार लागतात. तेही दिवसाचे बारा तास.

दिवेवाला : छत्तीसमध्ये शेवाळसुद्धा नाक मुरडेल. आता दिवा लावून, वीतभर वर धरतो. नऊ हजार आठशे. झकास. दोन पट्ट्या, एक टायमर. त्यातून खिडकीचा उजेड धरला तर एकीवरही भागेल. पडदा उघडतो जरा.

मुलगी : पडदा राहू द्या.

दिवेवाला : अहो, मोजायला नको का?

मुलगी : तिकडे मागची गल्ली आहे. घाणेरडी आहे फार. कचरा टाकतात लोक. खिडकी उघडतच नाही आम्ही.

दिवेवाला : खिडकी नाही उघडत, नुसता पडदा बाजूला... अहो. ही तर भिंत आहे.

मुलगी : दादा, तुम्हाला राहू द्या म्हटलं होतं ना मी!

दिवेवाला : ताई, इथे खिडकीच नाहीये. दांडी आहे, पडदा आहे, झालर आहे. मागे नुसता चुना.

मुलगी : रिकामी भिंत बरी दिसत नव्हती. अण्णा, मी तुम्हाला सांगणारच होते...

अण्णा : काय सांगणार होतीस? पहिल्याच दिवशी बघितलं मी. माझं सामान लावून तू चहा ठेवायला गेलीस, तेव्हाच.

मुलगी : पहिल्याच दिवशी?

अण्णा : नव्या घरात आलेला माणूस आधी खिडकी उघडायला जातो, ठमे. दुसरं काय करणार?

मुलगी : मग चार महिने तुम्ही मला... तुम्ही रोज म्हणायचात, आज गल्लीतून वास कमी आहे. आज कचरेवाला आलेला दिसतोय. काल म्हणालात, कुत्री भांडत होती रात्रभर!

अण्णा : तू विचारायचीस ना, त्रास होत नाही ना म्हणून. काहीतरी बोलायला हवं. इतक्या हौसेने शिवलास पडदा. झालर लावलीस. मी म्हटलं, पोरीने गल्ली दिली आहे तर थोडा कचराही आपण घालावा.

दिवेवाला : पण वास यायचा म्हणता. गल्ली नाही, तर वास कसला?

अण्णा : माझाच असेल. बंद खोलीत म्हाताऱ्या माणसाला वास येतो.

मुलगी : अण्णा!

अण्णा : ओरडू नकोस, खरं तेच सांगतोय. ओ दादा, ती पट्टी विझवा आणि तो मीटर जरा इकडे द्या. तसा नाही, आडवा. इथे ठेवा, उशीवर. माझा चष्मा कुठे गेला? तुम्हीच वाचा.

दिवेवाला : मी नाही वाचत. ताई, तुम्ही वाचा.

मुलगी : अकरा.

अण्णा : किती?

मुलगी : अकरा, अण्णा. अकरा.

अण्णा : बघा, रॅकला माझ्यापेक्षा बरं आहे. तरीच नऊ मेली आणि मी अजून... बरं, जाऊ दे. मी एक सुचवतो. तुमची ती पट्टी पडद्यामागे ठोका, उभी. सकाळी लागेल, संध्याकाळी विझेल. कुंड्या पडद्याला लावून ठेवू. त्यांनाही उजेड, हिलाही बरं वाटेल, आणि जावईबापूंना कुणी काही विचारायला नको.

दिवेवाला : नाही लावणार.

अण्णा : का हो? तुम्ही तर मटणाला लावता.

दिवेवाला : मटणाला लावतो. मटण मेलेलं असतं, काका. जित्या माणसाला खोटी खिडकी नाही लावून देणार मी. घरी जाऊन जेवण जायचं नाही मला. तुम्ही दुसरा कुणी बघा.

मुलगी : एवढं लागट बोलायची गरज नाहीये! तुम्हाला काय माहीत आमच्या घरातलं? आम्ही काय यांना कोंडून ठेवलंय?

दिवेवाला : मी तसं म्हटलेलं नाही. येताना ती पलीकडची खोली दिसली, दार उघडं होतं. केवढी खिडकी! एवढा उजेड आत आला होता, की मी मनात म्हटलं, झाडं इथे असणार. तर तिथे एक साहेब टाय लावून खिडकीसमोर भिंतीसारखे बसलेले, आणि समोर कॉम्प्युटर.

मुलगी : माझे मिस्टर. त्यांच्या मीटिंगा असतात दिवसभर. उजेड समोरून आला की स्क्रीनवर चेहरा चांगला दिसतो.

दिवेवाला : चेहरा?

मुलगी : हो. त्यांना तसं लागतं.

दिवेवाला : म्हणजे घरातली एकुलती एक खिडकी साहेबांच्या तोंडाला.

अण्णा : जाऊ द्या हो. घर त्यांचं आहे. मी आलेला पाहुणा. जावयाच्या घरी राहायला यायचं म्हणजे सांभाळूनच राहायला हवं. ते मला कधी तोडून बोलले नाहीत. खिडकी देणार नाही, असंही कधी म्हणाले नाहीत.

मुलगी : म्हणालेच नाहीत ते. कसे म्हणतील? मी विचारलंच नाही.

अण्णा : काय?

मुलगी : विचारलंच नाही मी त्यांना. एकदाही. तुम्ही यायचं ठरलं तेव्हापासून रोज म्हणायचे, आज विचारू, उद्या विचारू. माझ्या जिवावर यायचं. नाही म्हणाले असते तर मग मला भांडावं लागलं असतं. म्हणून कापड आणलं आणि पडदा शिवत बसले. आठवडाभर शिवला. झालरीचा तर मला अभिमान वाटत होता, अण्णा! येईल-जाईल त्याला दाखवायचे. आता माझीच मला किळस येतेय.

अण्णा : ठमे, अगं एवढं काही...

मुलगी : नको, समजूत घालू नका माझी. तुम्ही समजूत घालता म्हणूनच हे असं चार महिने चाललं. तुम्ही ती कुत्री कशाला भांडवलीत? पहिल्याच दिवशी मला हाक मारायचीत आणि म्हणायचं, कार्टे, ही भिंत आहे!

अण्णा : मीही घाबरलो. म्हटलं, हे निघालं तर आणखी काय काय निघेल. तुझ्याकडून जायचं कुठे, हाही प्रश्न होताच.

मुलगी : शी. कसली माणसं आहोत आपण.

दिवेवाला : मी बाहेर थांबू का?

मुलगी : नाही. तुम्ही ड्रिल काढा. त्यांची मीटिंग बाराला संपते. बारा वाजून एक मिनिटाने टेबल हलेल. टेबल इकडे, पलंग तिकडे, रॅक तिकडे. मी सांगते त्यांना. विचारत नाही, सांगते.

दिवेवाला : मग तुम्हाला माझे दिवे लागायचे नाहीत ताई. त्या खिडकीत दहा हजार आरामात भरेल. सकाळचं ऊन या झाडांना सोसतं. ढगाळ दिवसांसाठी एक पट्टी ठेवा, बास.

मुलगी : एक रॅकला. आणि एक इथे, त्यांच्या टेबलावर, समोरून.

दिवेवाला : साहेबांना पांढरीच ना?

मुलगी : तो जांभळा आहे ना खोक्यात? आणलाच आहे, वाया कशाला घालवायचा?

अण्णा : ठमे! नवरा आहे तो तुझा.

मुलगी : दोन दिवस फक्त. मीटिंगमधल्या लोकांना जरा बघू दे त्यांचं तीन दिवस पाण्यात पडलेलं तोंड.

दिवेवाला : हे मात्र मी आनंदाने लावून देतो.

अण्णा : नाही, पांढराच लावा. त्या गरिबाचं तोंड बिघडवून मला काय मिळणार? आणि कुंड्या तिकडे न्यायच्या आधी सगळ्यांची कीड पुसायची. कापूस आणि स्पिरिट घेऊन ये. आज दोघं मिळून पुसू. मला दिसेल आता.

मुलगी : आणते. दादा, जाता जाता हा पडदाही उतरवा. दांडीसकट. तिकडे खिडकीला लावू. तिथे काहीच नाहीये, आणि सकाळी ऊन सरळ डोळ्यांवर येतं. अण्णांना झोपू द्यायचं नाही ते.

अण्णा : सरळ डोळ्यांवर येतं?

मुलगी : हो ना. सहा-साडेसहापासूनच.

अण्णा : मग पडदा इथेच राहू दे.