खालच्या मजल्यावरची आई

—तसं नाही, दार नुसतं लोटून घे, कडी नको लावूस. मोठ्या सिस्टरांना वाटायचं मी तुला इथे डांबून ठेवलंय. बस. त्या चाकाच्या खुर्चीवर नको, तिचा ब्रेक गेलाय — त्या गठ्ठ्यावर बस, डायपरच तर आहेत. आणि असा चेहरा करू नकोस, मी काही खात नाही तुला. माझं म्हणणं एवढंच, की ठरलं होतं तसं का नाही केलंस? प्रसंग काय होता? डिमेन्शियाची पेशंट, कपडे ओले झालेत, बदलू देत नाही. म्हातारी मी, अटेंडंट तू. समोरून यायचं, खाली बसायचं, आपलं नाव सांगायचं, घाई करायची नाही. मी ओरडणार, तू शांत राहणार, मग मी हळूहळू ऐकणार आणि बाकीच्यांनी बघून शिकायचं. सोपं आहे गं. नवीन बॅच आली की मला फोन येतोच इथून — मग केसांना पावडर फासायची, गाऊन चढवायचा आणि तासभर वेड्यासारखं... बघ, वेडं म्हणायचं नाही हे मीच शिकवते आणि मीच बोलते.

आणि तू मध्येच काय विचारलंस? "आजी, तुमच्या मुलीबद्दल सांगा ना." आता हे कुठून काढलंस? हां, मी ओरडले असेन "माझ्या मुलीला बोलवा" म्हणून, पण ते सगळ्याच ओरडतात, म्हणून काय लगेच चौकशी करायची? — माहितेय, माहितेय, तसंच शिकवलंय. माणूस कोणाची आठवण काढत असेल तर त्याबद्दलच बोलतं करायचं. मान्य. पण मला आधी सांगायचं ना! मी काय खरी पेशंट आहे? मी नटी आहे बाई, उभा जन्म रंगमंचावर गेलाय, मला समोरच्याने असं तोंडघशी पाडलं की मी सुचेल ते बोलते. वेळ मारून नेते. आणि तेच केलं मी. म्हणाले, मुलगी खालीच आलीये. दर वेळी खालपर्यंतच येते, नाटक करते आणि जाते, वर येत नाही मेली. सगळे कसे हसले बघितलंस? त्या जाड्या वॉर्डबॉयने तर टाळ्या वाजवल्या. तू नाही हसलीस. तू आपली खाली बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही.

कोणी सांगितलं तुला? मोठ्या सिस्टरांनी? मग? ...नाक? नाकावरून ओळखलंस? धन्य आहे. तालमीला दिग्दर्शक ओरडायचे, की बाई, तुम्ही कितीही रंग फासा, हे नाक काही लपत नाही. हो, आहे. वर खिडकीजवळच्या कॉटवर आहे ती माझीच आई. आणि खाली मी जी करून दाखवते ना — ते गाऊनची कड चिमटीत धरून सारखं चुरगाळणं, ते मान वाकडी करून बघणं — ते तिचंच आहे. दुसरं कुठून आणणार? तुम्ही सगळे म्हणता, काय हुबेहूब करतात बाई. आता हे बाहेर बोलत सुटू नकोस. मोठ्या सिस्टरांना माहीत आहे, बाकी कोणाला नाही, आणि मला कोणाची कीव नकोय.

जात होते गं मी. जात नव्हते असं समजू नकोस. शेवटची गेले तेव्हा तिच्या पायाशी बसले, तर म्हणाली, तुम्ही कोण? म्हटलं, अगं मी, तुझी मुलगी. तर वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणते, छे, माझी मुलगी इतकी जाडी नाही. मी हसले. म्हटलं, चला, विनोद शाबूत आहे. पुन्हा सांगितलं, नाव सांगितलं, हात धरला — आणि ती किंचाळायला लागली. परकी बाई कॉटवर येऊन बसलीये, हिला हाकला. अख्खा वॉर्ड बघत होता. माणसं तिकिटं काढून मला बघायला येतात, आणि ही माझी जन्मदाती मला बघून भिंतीला चिकटली. मग कोणत्या तोंडाने जायचं वर? मी गेले की तिचं बिघडतं. तिच्या बऱ्यासाठीच जात नाही मी. ...असं काय बघतेस? तिच्या बऱ्यासाठीच.

बरं, ऐक. शिकवणीचा तास सोडला तर तुझी ड्युटी वरच असते ना आता? मग तिलाही विचारलंच असशील हे, तुमच्या मुलीबद्दल सांगा म्हणून. काय सांगते ती? नाही, खरं सांग, मला काही वाटणार नाही. नाव काढते का माझं? की मुलगी नाहीच म्हणते? बोल ना बाई, जीव टांगून ठेवू नकोस.

...येते म्हणते? रोज येते? अगं, रोज कुठे, मी तर पायरीसुद्धा... काय म्हणालीस? केस विंचरते, भरवते, माझी मुलगी फार मायेची आहे, असं म्हणाली ती? पण तिचे केस रोज कोण... 

तू.

तुलाच सांगते ती हे. तुझाच हात धरून. आणि तू काय म्हणतेस त्यावर? ...नुसतं हो म्हणतेस. बरोबर आहे. हो म्हणायचं. पेशंटशी वाद घालायचा नाही, तिच्या मनातलं मोडायचं नाही. दुपारच्या तासाला मीच करून दाखवते ते. चुकलं नाही तुझं काही. अगं, रडतेस काय, तू काय माझं चोरलंस थोडंच? तिला कोणीतरी मुलगी आहे, रोज येतेय, बास झालं.

ऊठ. जेवणाच्या गाड्या वर गेल्या, आवाज आला. ...नाही, मी नको. एकदम दोन-दोन मुली बघून घाबरेल ती. जा तू, तुझ्यासाठी जेवायची थांबली असेल.