कसरीने खाल्लेलं अक्षर

राधाकृष्ण : सही करतो रे, सही करायला माझं काय जातंय. चाळीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये दुसरं केलं काय मी? पण आधी हा सत्तावन्न नंबर मला समजावून सांग.

गहिनीनाथ : अण्णा, सगळं यादीत आहे. पहिल्या रकान्यात अक्षराचा नंबर, दुसऱ्यात तुम्ही वाचलेलं अक्षर, तिसऱ्यात आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरने वाचलेलं. छापणाऱ्या मशीनला देवनागरी येत नाही, म्हणून शेजारी मी हाताने लिहिलंय.

राधाकृष्ण : ते दिसलं. दोनशेपैकी एकशे शहाण्णव बरोबर. माझ्या हाताखाली आठ-आठ वर्षं राबलेल्या कारकुनांना इतकी मोडी कधी वाचता आली नाही.

मुक्ताबाई : अहो, मग करा की सही. सकाळपासून पोटात काही नाही पोराच्या. आणि गहिनी, सत्काराला मलाही यायचंय हं. यांचा कोट उन्हात घातलाय मी.

गहिनीनाथ : या की काकू. सोमवारी दिल्लीची समिती येतेय. माझ्या गाइड सरांनी शाल-नारळ आणून ठेवलाय.

राधाकृष्ण : शालीचं नंतर. सत्तावन्न.

गहिनीनाथ : 'मा' आहे, अण्णा. तुम्हीही 'मा' म्हणालात, मशीनही 'मा' म्हणालं.

राधाकृष्ण : कागद कुठला, आठवतंय? आमच्या सोनई गावचा. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. त्या ट्रंकेतून मूळ कागद काढ. हां, तोच. आता मला ते अक्षर दाखव.

गहिनीनाथ : इथं... इथं कसरीनं खाल्लंय.

राधाकृष्ण : किती खाल्लंय?

गहिनीनाथ : सगळंच.

राधाकृष्ण : सगळंच. 'भी' आहे आणि पुढे आरपार उजेड. मी 'मा' वाचलं, कारण ती विहीर आमच्या भावकीची आणि भीमा माझी पणजी. मोडी वाचणारा असंच वाचतो. खाल्लेल्या जागी काय होतं ते त्याला गावावरून, घरावरून कळतं. तू तुझ्या चौकटीच्या कागदावर तिथे काय काढलं होतंस?

गहिनीनाथ : काही नाही. सर म्हणतात, जे दिसतं तेवढंच काढायचं. सगळे चौकोन कोरे ठेवले होते.

राधाकृष्ण : म्हणजे यंत्राला कोरा कागद दाखवला आणि ते म्हणालं 'मा'. गहिनी, तुझ्या यंत्राला माझी पणजी कुठे भेटली?

मुक्ताबाई : अगं बाई. इतकं हुशार आहे होय ते?

राधाकृष्ण : थांब जरा. तो काय म्हणतो ऐकू दे.

गहिनीनाथ : कधी कधी अंदाजाने एखादं अक्षर...

राधाकृष्ण : एकशे तीन, खाल्लेलं. एकशे चाळीस, तेही खाल्लेलं. तिन्ही बरोबर. कोर्टात साक्षीदार पुष्कळ बघितलेत रे मी. ज्याला पढवून आणलेलं असतं ना, तो कुठे अडतच नाही.

गहिनीनाथ : अण्णा, करा ना सही. मला पावणेदोनची एस.टी. आहे.

राधाकृष्ण : नाही करत.

गहिनीनाथ : त्याला उत्तर ठाऊक हाय, अण्णा.

राधाकृष्ण : कुणाला?

गहिनीनाथ : मशीनला. एका अक्षराचं एक कार्ड. चौकोन काळा का कोरा, तशी कार्डाला भोकं पाडायची. पंचिंगच्या बाई लई टापटिपीच्या. एकदा त्यांच्या हातनं गठ्ठा पडला, सगळी कार्डं विस्कटली. तवापासनं त्या कार्डाच्या शेवटी तुमी वाचलेल्या अक्षराचा ठरलेला आकडा बी पाडत्यात, 'मा'चा एक, 'भी'चा दुसरा, म्हंजी परत लावाया सोपं. शेवटचे आठ रकाने मशीननं बघायचे न्हाईत, अशी रीत हाय. आमच्या प्रोग्रॅममदी ती अट घालायची राहिली. माझ्याकडूनच राहिली. मशीन सगळं कार्ड जुन्या कार्डांशी ताडून बघतं. अक्षर जुळू दे न्हाईतर न जुळू दे, शेवटचा आकडा जुळला की झालं.

राधाकृष्ण : आता तुझ्या गावचं, खर्ड्याचं बोलायला लागलास. म्हणजे खरं बोलतोयस. आणि ते आठ रकाने झाकले तर?

गहिनीनाथ : बासष्ट.

राधाकृष्ण : दोनशेत?

गहिनीनाथ : दोनशेत.

मुक्ताबाई : म्हणजे प्रश्नाला उत्तर टाचून दिलं आणि मग यंत्राची परीक्षा घेतली.

राधाकृष्ण : तुझ्या सरांना सांगितलंस हे?

गहिनीनाथ : त्याच दिवशी. सर हसले. म्हणले, समिती जाऊ दे, नवं मशीन मंजूर होऊ दे, मग करू दुरुस्त. समितीला मोडी येत न्हाई, त्यास्नी मोडी जाणणाऱ्याची सही दाखवायची. मी म्हणलं, अण्णांच्या ध्यानात येईल. तर म्हणले...

राधाकृष्ण : काय म्हणाले?

गहिनीनाथ : म्हाताऱ्याच्या खांद्यावर शाल टाक, तो कागद बघायचा न्हाई.

मुक्ताबाई : असं म्हणाले?

राधाकृष्ण : शिसारी आली मला. या सहीवर लोकांच्या जमिनी ठरल्यात रे. दोन वर्षं चार हजार अक्षरं वाचली मी तुझ्यासाठी. डॉक्टर सांगत होता, बारीक वाचू नका, डोळे जातील. तरी वाचली. का, तर उद्या आमची पिढी गेल्यावर हे कागद वाचणार कोण? आणि तुम्ही शिकलेल्या लोकांनी त्याचं हे केलंत. थुंकावंसं वाटतंय, पण घर माझं आहे.

मुक्ताबाई : अहो, त्याचंही बघा. त्या पदवीपायी पाच वर्षं घातलीत त्याने. त्याची आई, लंकाबाई, तिकडे कारखान्यावर ऊस तोडतेय आणि लेक डॉक्टर होणार म्हणून साऱ्या टोळीला सांगतेय. तुम्ही सही नाही केलीत तर ते सर याचा प्रबंध पुढे जाऊ देतील?

गहिनीनाथ : न्हाई देणार. तसं बोललेत.

मुक्ताबाई : बघा. एका सहीचा प्रश्न. नंतर दुरुस्त करणारच आहेत ना ते.

राधाकृष्ण : गहिनी, हे तुला कळलं कधी?

गहिनीनाथ : झाले तीन आठवडे.

मुक्ताबाई : तीन? म्हणजे संक्रांतीला आला होतास तेव्हा ठाऊक होतं तुला?

गहिनीनाथ : व्हय.

मुक्ताबाई : त्या दिवशी यांनी खिडकीशी बसून तुला अक्षरं वाचून दिली. डोळ्यांना पाणी लागलं होतं, तरी उठले नाहीत. आणि तू लिहून घेत होतास.

गहिनीनाथ : व्हय, काकू. माजी मलाच किळस येती. घास उतरत नव्हता त्या दिशी.

मुक्ताबाई : उतरला की. तीन गुळाच्या पोळ्या उतरल्या. मीच वाढत होते.

राधाकृष्ण : मुक्ता, राहू दे.

मुक्ताबाई : का राहू दे? मघापासून मी याचीच बाजू घेतेय. तो कोट पेटीत घालून येते.

(मुक्ताबाई आत जातात.)

गहिनीनाथ : अण्णा, अजून एक हाय. सर म्हणले, म्हातारा न्हाई म्हणला तर तूच कर सही. तुला बी मोडी येतीच की.

राधाकृष्ण : मोडी तुला शिकवली कुणी?

गहिनीनाथ : तुमी. ह्याच खोलीत.

राधाकृष्ण : मग कर की. इथवर कशाला आलास?

गहिनीनाथ : खरं सांगू? तुमी केली असती तर ते खोटं तुमच्या नावावर गेलं असतं. माझ्या न्हाई. म्हणून आल्तो.

राधाकृष्ण : आज ऐकलेल्यातलं सगळ्यात घाण हेच आहे. पण निदान तोंडावर बोललास.

गहिनीनाथ : खाल्लेली अक्षरं एकंदर किती हायेत यादीत?

राधाकृष्ण : मला तीन सापडली. पुढे डोळे चालले नाहीत.

गहिनीनाथ : मी बघतो. नऊ हाय एक. सव्वीस. तुमचा सत्तावन्न. अठ्ठ्याऐंशी... थांबा, ते अर्धं हाय, ते न्हाई धरत. एकशे तीन, एकशे बारा, एकशे चाळीस. एकशे शहात्तर. सात. साती बरोबर दावलेत मशीननं.

राधाकृष्ण : समितीला मोडी येत नाही म्हणालास ना?

गहिनीनाथ : मोडी न्हाई येत. पर कोरा कागद कुणालाबी वळखू येतो. मूळ कागद आन् यादी, दोन्ही म्होरं ठेवतो त्यांच्या.

राधाकृष्ण : पदवी जाईल.

गहिनीनाथ : जाईल.

राधाकृष्ण : आईला काय सांगशील?

गहिनीनाथ : ते अजून न्हाई ठरवलं.

राधाकृष्ण : घे कागद. लिही. खाली सही करणारांनी मूळ कागद समक्ष पाहिले. पुढील सात ठिकाणी अक्षर शिल्लक नाही. तरीही यंत्राने ते वाचले असे दाखवले आहे. कारण, उत्तर कार्डावर आधीच होते. लिहिलंस?

गहिनीनाथ : लिवलं. अट माझ्याकडनं राहिली, ते बी लिवलं.

राधाकृष्ण : पहिली सही तुझी. बापाच्या नावासकट, गावासकट. कोर्टात तशीच लागते.

गहिनीनाथ : गहिनीनाथ सहादेव ढवळे, राहणार खर्डा, तालुका जामखेड. केली.

राधाकृष्ण : दे इकडे. ओळ दिसत नाही मला. माझी कुठे करायची, तिथे बोट ठेव.