नियम सगळ्यांना सारखा

…आणि वर मलाच विचारतात, ‘गुरुजी, तुमी नक्की कोनाचे बाजूचे?’ अहो, बाजू कसली डोंबलाची! काशीदच्या पुढे समुद्राला लागून आमची आठवीपर्यंतची शाळा, तिचा मी मुख्याध्यापक, देव न मानणारा माणूस, घरी पूजा असली की बायको मला फक्त पाट उचलायला हाक मारते… माझी बाजू खडूची! तुम्हाला सांगतो, माझं म्हणणं एवढंच होतं हो, की तहसीन वर्गात राहावी!

तहसीन म्हणजे इस्माईल नाखवांची नात, आठवीतली. डोक्याला पांढरा स्कार्फ, आणि डोकं म्हणाल तर असं, की मी फळ्यावर राशी लिहून मागे वळतोय तोवर ही अवयव पाडून मोकळी! तर आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष अल्पेशभाऊ, नागावचे, इकडे येऊन होमस्टे काढलाय, ते एक दिवस टेबलावर कोपर टेकून म्हणतात कसे, ‘गुरुजी, मना कोनाचे धर्माशी काय नाय. पन शाला सरकारी हाय. शालंन धर्माचा कपरा नको. स्कार्प बंद!’

आता इथे मी गप्प बसावं की नाही? पण छे! अक्कल उतू चाललेली ना! मी म्हटलं, ठीक आहे, पण मग नियम सगळ्यांना सारखा… स्कार्फ गेला तर कपाळाचं गंध जाईल, गळ्यातली माळ जाईल, ताईत, पायातला काळा दोरा, सगळं गेटाबाहेर, पोरांचं आणि मोठ्यांचंही! म्हटलं, हे ऐकून हबकतील आणि विषय मिटेल. कसचं काय! टाळ्या वाजवल्या हो सगळ्यांनी! ठराव पास!

सोमवारी गेटावर ही झुंबड! गंध पुसायला एकच ओला फडका, तो कपाळाकपाळावरून फिरून शेवटच्या पोराचं तोंड शेंदरी! दोऱ्यांच्या गाठी सुटेनात, आज्यांनी मारलेल्या गाठी त्या, सुटतात होय? एका बाईंनी ब्लेडने दोरा कापला मात्र, ती आजीच हजर, ‘आता पोराला ताप आला तर तू निस्तर!’ हे चाललंय तोवर खिचडीवाल्या नीराबाई कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभ्या. ‘मंगलसूत्र कारू? ओ गुरुजी, माजा दादला दर्यान हाय! तो बंदराला लागल्याबिगर ह्ये गल्यातशी निंगनार न्हाय! तुमची खिचरी तुमीच शिजवा!’ आणि झारा माझ्या हातात! शिजवली मी. पोरांनी तोंडात घातली नाही. कावळ्यांनीसुद्धा!

पण मी मनातून खूश! म्हटलं, आता हा नियमच जातो, आणि माझं म्हणणं तरी काय होतं, तहसीन वर्गात राहावी! लगेच बैठक. मंगळसूत्र? ‘ती आपली रीत, गुरुजी.’ सोडा. काळा दोरा? ‘तो नजरेचा, धर्माचा नाय.’ सोडा. गंध? ‘त्यानं डोका थंड रेते.’ सोडा. ताईत? आता निम्म्या मेंबरांनी एकाच पिराकडून बांधून आणलेले, तेव्हा तो गेला औषधात! सगळं असं एकेक सुटत गेलं आणि शेवटी धर्म म्हणून उरलं काय? एक पांढरा स्कार्फ! मी ओरडलो, अहो, मग नियम सारखा कुठे राहिला? तर अल्पेशभाऊ थंडपणे म्हणतात, ‘सारखाच हाय की! तुमीच तं बोल्लाव!’

दुसऱ्या दिवशी नाखवा आले. भांडले नाहीत हो… भांडले असते तर बरं वाटलं असतं! म्हणाले, ‘सर, पोरीला खाडीपल्याडच्या दिनी शाळेत, मदरशात घातली. हितं गनित हाय, पन वढनी न्हाय. तिथं वढनी हाय, पन गनिताला मास्तर न्हाय. पोरीनं डोकं कापून आर्धं हितं ठेवावं काय?’ मीही चिडलो. म्हटलं, नाखवा, शाळेत देव शिकवणं मला मान्य नाही! ‘आनि शाळेनं पोरगी घालवनं?’ रिकाम्या वर्गात जाऊन बसलो आणि रडलो. पन्नाशीचा बाप्या, रडलो!

मग काय, गेलो पल्याड, आपल्या पायांनी. त्यांची सुट्टी शुक्रवारी, माझी रविवारी, म्हटलं, दर रविवारी फुकट गणित शिकवतो. व्यवस्थापक माणूस मोठा गोड. चहा दिला, नानखटाई दिली, म्हणाले, ‘जरूर या, मास्तरसाब. फक्त आत येताना डोकं झाकायचं.’ मी म्हटलं, अहो, मी तर तुमच्या धर्माचा नाही, माझ्याही धर्माचा नाही! ‘हरकत न्हाय. झाका.’

झाकलं! खिशातला रुमाल काढून बांधला आणि वर्गात शिरलो. तहसीन पहिल्याच बाकावर. हसली नाही बिचारी, वही उघडून म्हणाली, ‘सर, अवयव राहिले होते.’

तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुमच्या तत्त्वाचं काय झालं? अहो, आहे ना, तत्त्व जागच्या जागी आहे… रविवारी फक्त रुमालाखाली असतं!