दुखाचं दूध

(भूकंपाला चार महिने झालेले. निलंग्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शिवकांता पाच महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली आहे. शेजारी सासू विठाबाई. दवाखान्यातल्या नर्स सिंधुताई लेकराचं तोंड बघताहेत.)

सिंधु : घासू नका मावशी. ते फडकं बाजूला ठेवा आधी.

विठाबाई : दूध साचलंय बाई जिभेवर. रोज पुसून काढते मी.

सिंधु : दूध असतं तर पुसल्यावर गेलं असतं. हे गालाच्या आतही पांढरं आहे बघा. तुम्ही घासलं तिथं रक्त आलंय. बुरशी आहे ही.

विठाबाई : बुरशी भाकरीला येती. लेकराला कशी यील?

सिंधु : येते. लहान लेकरांना तर लई वेळा. अंगावर नीट पिते का?

विठाबाई : अंगावरचं बंद केलंय. बारा दिस झाले.

सिंधु : मी शिवकांताला विचारलं.

शिवकांता : आत्या सांगतील.

विठाबाई : हिची थोरली लेक तनुजा भूकंपात भिंतीखाली गेली, तवापासून ही रडून राहिली. माझा ल्योक रामलिंग, हिचा नवरा, तिकडं लातूरला, शिकवणीच्या क्लासची इमारत बांधत्यात तिथं कामाला. हिला सावरायला मी एकटी. लेकरू अंगाला लावलं की किंचाळायचं, तोंड फिरवायचं. म्या म्हनलं, दुखाचं दूध हाय, पाजू नको. मदतीच्या वाटपात बाटली आन दुधाची भुकटी मिळाली होती.

सिंधु : बाटलीचं निपल कशात धुता?

विठाबाई : टँकरच्या पाण्यात. चांगलं खळखळून.

सिंधु : शिवकांता, पाजताना तुला दुखायचं का गं?

शिवकांता : आग व्हायची ताई. मिरची लागल्यावानी. मला वाटलं, आत्या म्हनतात तेच खरं असंल.

सिंधु : तुलाही तीच बुरशी झाली. तिच्या तोंडातून तुला, तुझ्याकडून परत तिला. तोंड दुखायचं म्हणून ती किंचाळायची. रडल्यानं दूध नासत नाही बाई.

शिवकांता : खरंच न्हाई?

सिंधु : नाही. हे थेंब दिवसातून चार वेळा, पाजून झाल्यावर, हात धुऊन डागांवर लावायचे. मलम तुला. दोघींचं एकदमच, आणि डाग गेले म्हणून लगेच बंद करायचं नाही. बाटली सोडा. वाटी-चमचा उकळून घेत जा. आणि अंगावर आजपासून.

शिवकांता : आटलं ताई. दूध आटावं म्हनून छातीला पट्टा बांधला होता.

सिंधु : घडीघडी लेकराला अंगाला लावत राहा. बहुतेक येतं परत. तोवर वाटीनं पाज.

विठाबाई : बाई, एक इचारू? रामलिंगच्या आधी मला संगप्पा झाला होता. त्या साली माझी माय वारली. सासूनं माझं पाजणं बी असंच तोडलं. त्याच्या जिभेवर असंच पांढरं होतं.

सिंधु : मग काय दिलं त्याला?

विठाबाई : शेळीचं, पाणी घालून. जुलाब लागले. अठरा दिसांत गेला.

सिंधु : मावशी...

विठाबाई : सासू म्हनली, तुझंच दूध बाधलं. तीस वर्सं झाली. रामलिंगला बी भीत भीतच पाजलं मी.

सिंधु : तुमच्या दुधानं गेला नाही तो.

विठाबाई : हाव. आता कळलं.

शिवकांता : आत्या, ओढून राहिली ही. पर काहीच येईना.

विठाबाई : ओढू दे. आन रडू आलं तर रड, पोरी. दुधाला काय होत न्हाई.